चाळीस हजार तीनशे सतरा

पहाटे चार चाळीसला किसुमूत वीज गेली.
जनरेटर खोकत खोकत दम धरेपर्यंत
अकरा सेकंद.
तेवढ्यात डुंगाच्या किनाऱ्यावर
ओमेनाच्या दोन टोपल्यांचा सौदा होत होता,
बोटाएवढी चांदीची मासळी, अजून ओली,
आणि त्या सौद्याचा कोड लिहिणारी मी
पालथी झोपले होते.

कोड मी नीटच लिहिला होता.
आधी सुरुवात.
मग ओकुंबाच्या नावे अठराशे शिलिंग,
नेरिया न्यासुबाच्या खाती तेवढेच जमा,
मग कमिट.
मधे काही मोडलं
तर सगळं होतं तसं,
जणू कुणी खिशात हात घातलाच नव्हता.

आणि झालंही तसंच.
वीज परतल्यावर डेटाबेसने
अर्धवट लिहिलेलं सगळं मागे घेतलं
न कुरकुरता.
सकाळी आमच्या अधोलासाहेबांनी चहा ढवळत सांगितलं,
ताळा जुळतोय, पै न पै.

एक ओळ तेवढी भलत्या जागी होती.
जमा आणि कमिट यांच्या मधे,
लोकांना लवकर कळावं या हौसेने
मी एसएमएस धाडला होता:
अठराशे शिलिंग मिळाले. धन्यवाद.

रोलबॅकची धाव टेबलापर्यंत.
टॉवरवरून सुटलेला शब्द
त्याच्या हद्दीत येत नाही.
नेरियाने तो कंदिलाच्या उजेडात वाचला
आणि टोपल्या उचलून दिल्या.
ओकुंबा काकामेगाच्या गाडीत बसला.
दहापर्यंत मासळी कुणाच्या तरी तेलात होती.
त्याच्या खात्यात पैसे होते तसेच;
त्याला कळलं की नाही, कोण जाणे.
फोन तीन दिवस बंद.

मी डुंगाला गेले.
ती जाळ्यावर ओमेना पसरत होती.
हात न पुसताच तिने फोन पुढे केला:
वाच.
मी माझंच वाक्य मोठ्याने वाचलं.
खवल्यांनी माखलेल्या काचेवर ते
फारच शहाणं दिसत होतं.
हे धन्यवाद कोण म्हणालं?
मी, मी म्हटलं.
मग तूच दे.

मी समजावू पाहिलं.
ट्रान्झॅक्शन म्हणजे काय, अकरा सेकंद म्हणजे काय,
पैसे हरवले नाहीत, फक्त निघालेच नाहीत.
ती मासे पसरत राहिली.
वर बगळे टपलेले.
शेवटी मी नोटा काढल्या.
तिने मोजल्या. पुन्हा मोजल्या.
लेसोच्या टोकात ठेवून गाठ मारली,
गाठ ओढून पाहिली,
आणि मग, त्यानंतरच, म्हणाली:
मिळाले.

परत येऊन मी ती ओळ उचलली
आणि कमिटच्या खाली ठेवली.
एवढंच? अधोलासाहेब म्हणाले.
एवढंच.
(खरं तर एवढंच नाही.
आता कमिटनंतर वीज गेली
तर पैसे पोचतील, निरोप राहील.
न गेलेल्या निरोपांची वेगळी वही घालायला हवी.
ती उद्या.)

संध्याकाळी नोंदी चाळत होते.
चाळीस हजार तीनशे सोळा,
त्याच्या खाली एकदम अठरा.
रोलबॅक सगळं पुसतो,
एकदा हाती घेतलेला क्रमांक मात्र
परत ठेवता येत नाही.
दात पडल्यासारखी ती जागा.

महिनाअखेरीला हिशेबतपासनीस आले.
त्यांनी तिथे लाल पेन्सिलीने विचारलं:
इथे काय झालं?
मी लिहिलं, काही नाही.
मग ते खोडलं.
खाली बारीक अक्षरात लिहिलं:
दोन टोपल्या ओमेना.